चिमणीची आगोट

वैशाख अर्धा सरला की माझ्या पलंगाखालची जागा भरू लागते. घरातल्यांना हे ठाऊक आहे, पण म्हाताऱ्या माणसाची चोरी पकडायची त्यांना लाज वाटते. यंदा मात्र माझी नात रूथ आली होती, आणि रूथला लाज अंमळ कमी. ती माझ्यावरच गेली आहे. केर काढता काढता तिनं पलंगाखालून एकेक वस्तू ओढली. जाड्या मिठाच्या पिशव्या, सुकटीचा डबा, पांढऱ्या कांद्यांची माळ, काड्यापेट्यांचं पुडकं, आणि पार भिंतीला टेकलेली, एक कान तुटलेली चिनी मातीची बरणी.

"आजी, दुकान टाकतेयस का?"

"टाकीन. तुला उधार मिळणार नाही."

"अगं, फोन केला की दहा मिनिटांत सगळं दारात येतं."

"पाऊस लागला म्हणजे?"

"पावसातही येतं. बिचारा भिजत येतो, पण येतो."

मी म्हटलं, मग ठीक आहे. आणि ती भांडी घासायला गेल्यावर सगळं होतं तसं आत सारून ठेवलं. नव्वदीला टेकलेल्या बाईला वाकायला अर्धा तास लागतो आणि उठायला पाऊण. पण मिठाची पिशवी उघड्यावर ठेवून मला झोप येत नाही.

रूथ निरोप घ्यायला आली होती. तिच्या नवऱ्याला चर्चचा पाळक म्हणून पहिलीच मंडळी मिळाली आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी, लांब. पोरगी सव्वीस वर्षांची, कडेवर दीड वर्षाचं मूल, आणि डोळ्यांत ते तेज. ते तेज मी ओळखते. आरशात पाहिलेलं आहे. त्याची मला भीती वाटते. जाण्याच्या आदल्या दिवशी मी ती बरणी पुसली, काठोकाठ मीठ भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि तिच्या सामानाशेजारी नेऊन ठेवली.

"आजी, उद्याची काळजी आपण नसते करायची," रूथ हसून म्हणाली. "तूच शिकवलंस ना आम्हाला?"

म्हाताऱ्या माणसाला गप्प करायचं तर त्याचंच बोलणं त्याच्या अंगावर फेकावं. मी फडक्याची गाठ आणखी आवळली.

पनवेलला आता वैशाखाचा वास येत नाही. येतो तो डांबराचा आणि नव्या रंगाचा. तेव्हा यायचा. बंदराकडून वारा सुटला की सुकत घातलेल्या जवळ्याचा वास आधी यायचा, मागून भाजलेल्या मिरचीचा, आणि या दोन्हींच्या खाली, जिभेवरच जाणवणारा, खाडीच्या मिठाचा. घरोघरी माणसं छपरावर चढून कौलं परतत. अंगणात शेणी रचलेल्या. दारांवरून कांद्याच्या माळा लोंबत. खाडीकाठच्या मिठाच्या पांढऱ्या राशी एकेक करून पेंढ्यानं शाकारल्या जात आणि पाहता पाहता त्या पांढऱ्या मुलखात गवती झोपड्यांचं एक मुकं गाव उभं राही. सगळा गाव वर न बघता कामाला लागलेला असायचा. कुणी घाईत नव्हतं, आणि कुणी थांबतही नव्हतं. पावसाआधी चार महिन्यांचं घरात भरून ठेवायचं, लाकूड, तांदूळ, मीठ, सुकी मासळी; या भरण्याला इकडे म्हणतात आगोट. मी पनवेलला आले तेव्हा हा शब्द मला ठाऊक नव्हता. तो शिकायची फी मी दिली नाही. दुसऱ्या कुणीतरी दिली.

त्या वेळची मी म्हणजे एकोणीस वर्षांची ठार शहाणी बाई. पांढरं पातळ, घट्ट वेणी, काखेत गाण्यांचं पुस्तक. पन्नासच्या पुढची वर्षं. नवऱ्याला पनवेलची मंडळी मिळाली म्हणून नगरकडून घाट उतरून आम्ही फाल्गुनात आलो. सोबत एक ट्रंक, एक पाळणा, आठ महिन्यांचा थोरला, यांची पेटी आणि माझं जातं. जातं कशाला, असं कंडक्टरनं विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, संसार आहे आमचा. त्या जात्यावर दळलेलं बाजरीचं पीठ पनवेलच्या दमट हवेत चार दिवसांत कडू झालं आणि भाकरी कुत्र्यानंही हुंगून सोडली. संसाराची सुरुवात ही अशी.

घर कौलारू, दोन खोल्यांचं, गावाच्या कडेला. पुढे ओटा. मंडळी म्हणजे एक कंपाउंडर, त्यांची बायको, एक शाळामास्तर आणि मास्तरांची पाच मुलं. रविवारी उपासना त्याच ओट्यावर व्हायची. हे पेटीवर बसत. गळा गोड होता, स्वभाव त्याहून. मला मात्र ती मंडळी फार थोडी वाटायची. मी मनाशी ठरवलं होतं की वर्षाच्या आत ओटा पुरायचा नाही इतकी माणसं बसवून दाखवीन. हे माझ्या नवऱ्याचं काम होतं, देवाचंही असेल. पण दोघेही सावकाश चालत होते, म्हणून मी ते अंगावर घेतलं.

बामी आली ती लाकडं विकायला. विचुंब्याची, आगरी, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी. कासोट्याचं लुगडं, डोक्यावर मोळी, आणि घोट्यापर्यंत पाय पांढरे, मिठागरात काम करणाऱ्यांचे असतात तसे. तिकडच्या बोलीत सगळ्यांना तूच म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. तिनं मला पहिल्याच वाक्यात तू म्हटलं आणि मी मनातल्या मनात दुखावले.

"आगोटीला किती मोल्या टाकू गो?"

"आगोट म्हणजे?"

तिनं मोळी खाली टाकली. या बाईशी उभ्याउभ्या भागणार नाही हे तिला कळलं असावं.

"तू कंची?"

"नगरची."

"तिकरं पाऊस नाय परत?"

"पडतो की."

"मंग पावसात काय खाता?"

"जेवतोच की. रोजच्यासारखं."

आमच्याकडे पाऊस म्हणजे पाहुणा. आला तर त्याला गूळपाणी द्यायचं, नाही आला तर वेशीकडे डोळे लावायचे. चार महिने घरात मुक्काम ठोकून, चूल विझवून, वाट बुडवून बसणारा पाऊस मी पाहिलाच नव्हता. बामीनं मला समजावून सांगितलं. चाळीस मोळ्या तरी लागतील. शेणी वेगळ्या. मीठ ती मिठागरातून आणील, सुकट बंदरावरून आणील, भिंतीला झावळ्यांचे झाप बांधावे लागतील ते तिचा शेजारी बांधील.

"चार मोळ्या टाका," मी म्हटलं.

"चार? चार दिस?"

आणि इथे त्या एकोणीस वर्षांच्या बयेनं पदर सावरला. मला आज ती ओट्यावर उभी दिसते, आणि तिला कुणीतरी आतून हाक मारावी, दूध उतू जावं, पोरानं भोकाड पसरावं, काहीही व्हावं असं वाटतं. पण पोरगं झोपलेलं होतं.

"बामीबाई," मी म्हटलं, "चिमणीनं कधी कणगी भरलेली पाहिलीत? तिला देव पुरवतोच ना?"

बामीनं वर पाहिलं. आमच्या वळचणीला एक चिमणी बसली होती, चोचीत आमच्याच केरसुणीची काडी.

"मंग ती काय नेते?"

"ते घरट्यासाठी."

"पावसाच्या आधी नेते," बामी म्हणाली.

मी गाणं गुणगुणायला लागले. पाळकाच्या घरात ही एक सोय असते.

तरीही ती पुढच्या रविवारी आली. वर बसली नाही. ओट्याच्या खालच्या पायरीवर, मोळीला टेकून. तिच्या पुढच्या रविवारीही आली. तिची हकिगत मला कंपाउंडरांच्या बायकोनं सांगितली. दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या उधाणात खाडीचा बांध फुटला, तो बुजवायला गेलेली माणसं परत आली, त्यात तिचा नवरा नव्हता. पोरबाळ नाही. घरात ती आणि म्हातारी सासू. तेव्हापासून तिला झोप नव्हती. डोळा लागला की पाण्याचा आवाज येई. एका दुपारी लाकडं टाकून ती पाणी प्यायला टेकली आणि आपण होऊन म्हणाली,

"तुजा त्या चिमनीचा मना पटला, बाय. काल मी झोपले. सकाल झाली तरी झोपलेली. सासू बोलली, मेलीस का काय."

आणि हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. समोरचा एक दात नव्हता.

लिहिताना हे मी झाकून ठेवू शकले असते, म्हणजे माझा गुन्हा सरळ झाला असता. पण ती झोप खरी होती. माझ्या अर्धवट शिकवणुकीनं एका दमलेल्या बाईला एक रात्र दिली, हे खरं. तिथंच मी थांबायला हवं होतं.

मी बायकांचा वर्ग काढला. रोज दुपारी. बायका म्हणजे बामी. कंपाउंडरांची बायको पहिल्या दिवशी आली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, अहो, पापड वाळत घातलेत. वैशाख संपत आला होता. मिठागराचे शेवटचे दिवस, उन्हाचे शेवटचे दिवस; पनवेलच्या वर्षातली सगळ्यांत महागडी दुपार मी नेमकी निवडली होती. बामी म्हणालीसुद्धा.

"आता आगोट हाय, बाय. मीठ उचलाचा हाय, सुकवाचा हाय, शेनी थापाच्या हायेत. पाऊस परला का येईन."

"तुम्हाला झोप कशानं लागली?" मी म्हटलं. "मग आता पुन्हा धास्ती कशाला?"

या वाक्याला मी साठसत्तर वर्षं परत बोलावते आहे. ते येत नाही. तिनं खाली मान घातली, पायाच्या अंगठ्यानं माती उकरली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी येऊ लागली. उशीर झाला तर धावत यायची. मी तिला गोष्टी सांगायची, गाणी शिकवायची. ओट्यावरच्या धुळीत बोटानं नाव लिहायला शिकवलं. ती नाव लिहायची आणि वाऱ्यानं पुसेपर्यंत बघत राहायची. तिच्या हातांना मिठाच्या भेगा होत्या. त्या दिवसांत त्या भरत आल्या, आणि मला वाटलं, बघा, कशी सुधारते आहे. हात बरे होत होते कारण हात रिकामे होते, हे मला कळलं नाही.

हे दर महिन्याला मिशनला अहवाल लिहीत. त्या महिन्यात त्यांनी लिहिलं, एक स्त्री नियमित येते. मी त्यांना त्याखाली रेघ ओढायला लावली. "एकच आहे गं," हे म्हणाले. "म्हणूनच रेघ," मी म्हटलं.

आमच्या शेजारी शेगुलाबाई राहायच्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू; घरचा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. जीभ तिखट. एक दिवस आमच्या परसात डोकावून त्यांनी विचारलं, "पाळकीणबाई, लाकडं कुठं रचलीत? दिसत नाहीत ती."

मी चिमणी काढली.

"असेल," शेगुलाबाई म्हणाल्या. "पण आमचं शास्त्र तुमच्या आधीचं. त्यात एका दिवाणानं सात वर्षं कोठारं भरली म्हणून अख्खा मुलूख जगला. त्याला नाही कुणी चिमणीचं सांगायला गेलं."

त्या वादात मी जिंकले असं मला वाटलं, कारण शेवटचं मी बोलले होते. त्या बोलत नव्हत्या, कारण त्या मिरच्या मोजून बरणीत भरत होत्या.

मग आषाढ. पाऊस किती दिवस पडला ते मला सांगता येणार नाही, कारण दिवस मोजायला मधे कधी ऊन पडावं लागतं. कौलांवर एकच आवाज, खाली एकच काळोख. चार मोळ्या कधीच जळून गेल्या होत्या. शाळामास्तरांनी दिलेलं ओलं लाकूड धुरकटायचं, पेटायचं नाही. कागदाच्या पुडीतलं मीठ पाणी होऊन फळीवरून ओघळलं आणि त्या ओघळानं भिंत खाल्ली. यांच्या पेटीच्या पट्ट्या फुगल्या. सूर दाबला तर नुसता श्वास यायचा, दमेकऱ्यासारखा. नगरहून आणलेल्या जात्याच्या खाली गोगलगाई. थोरल्याला धुरानं खोकला लागला. मी चुलीपुढे बसून फुंकत होते आणि प्रार्थना करत होते, आणि दोन्हींसाठी एकच श्वास होता.

पाठीमागचं दार ढकलून शेगुलाबाई आल्या, डोक्यावर गोणपाट. काखेत कोरडी लाकडं, हातात बरणी. त्यांनी मला बाजूला सरकवलं, चूल पेटवली, माझ्या पातेल्यात पेज टाकली, मीठ टाकलं. थोरल्याला मांडीवर घेऊन चमच्यानं भरवली. सगळं झाल्यावर इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "चिमण्या कुठं गेल्या तुमच्या?"

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडू नका, आधीच ओल कमी नाही."

अशी माझी आगोट मला मिळाली. कंपाउंडरांकडून सुकट, मास्तरांकडून वाल, शेगुलाबाईंकडून लाकूड आणि ती बरणी. माझी शिकवण फसली तरी माझ्याभोवती माणसं होती. पाळकाची बायको उपाशी राहणार नाही, याची काळजी सगळ्या गावानं वाहिली. माझ्या देवानं ती त्यांच्यावरच सोपवली असावी.

त्या दिवसांत मला बामीची आठवण झाली का? खरं सांगते, झाली. ती वर्गाला येत नाही याचा मला राग आला होता. पाऊस पडला की येईन म्हणाली होती, आणि पाऊस तर पडत होता.

नदी भरली होती. विचुंब्याची वाट बंद होती. बातमी आली ती पाणी उतरू लागल्यावर, दवाखान्यात आलेल्या कुणा माणसाकडून कंपाउंडरांना, आणि त्यांच्याकडून आम्हाला. ते ओट्यावर उभे राहून टोपी पिळत होते. "तुमची ती बाई, बामी. तिची सासू गेली."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. पोर शेगुलाबाईंकडे. चिखल पोटऱ्यांपर्यंत. यांनी मला दोन ठिकाणी हाताला धरून ओढून काढलं. माझ्या पिशवीत बामीसाठी दोन शेर तांदूळ होते, आणि भिजू नये म्हणून मेणकापडात गुंडाळलेलं गाण्यांचं पुस्तक. विचुंब्याला पोचलो तेव्हा पिशवीत हात घातला. तांदूळ भिजून फुगले होते. पुस्तक कोरडं होतं. एवढ्या वर्षांनीही माझ्या बोटांना तो कोरडा कागद आठवतो.

बामीच्या झोपडीत उजेड नव्हता. दारात एक म्हातारी शेजारीण उभी होती, तिनं आम्हाला आत जाऊ दिलं नाही. तिथंच, पागोळ्यांखाली, तिनं आम्हाला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. म्हातारीला थंडीताप भरला. घरात कोरडी काडी नव्हती. कधी नव्हे ते बामीनं यंदा आगोट भरली नव्हती. दोन दिवस बामीनं कुणाला सांगितलं नाही, लाज वाटली. विझल्या चुलीपुढे बसून देव देईल, देव देईल असं बोलत बसली होती. तिसऱ्या दिवशी शेजारणीनं धूर नाही म्हणून डोकावून पाहिलं. तेव्हा पेज दिली, निखारे दिले. म्हातारी त्या रात्री गेली.

"मंग जालाला लाकरा?" शेजारीण म्हणाली. "घराघरातून दोन दोन काढली. आपापल्या आगोटीतली. आमचे हितं तसाच हाय, परत्येक घर देतो. पन मेल्याच्या घरातला पयला लाकूर लागतो, तो नव्हता. मंग तिनी दाराची फली काढली."

मी दाराकडे पाहिलं. खरंच, दाराला वरची फळी नव्हती.

बामी बाहेर आली. माझ्यासमोर उकिडवी बसली. मी तिच्याशी काय बोलले ते मला आठवत नाही. मी क्षमा मागितली असेल, किंवा आणखी काही शिकवलंही असेल, माझा भरवसा नाही. ती ऐकत होती. तिचे हात पुन्हा भेगाळले होते. मी बोलायची थांबले तेव्हा ती म्हणाली,

"तू खोटा नाय बोललीस, बाय. पन तुला पाऊस ठाव नवता."

पुढे हे मला अनेकदा समजावत राहिले. म्हातारी होती, ताप होता, गेलीच असती. हे म्हणायचे ते खरं होतं. दोन दिवस त्या घरात पेज गरम झाली नाही, हेही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक दुसरीला खात नाही. त्या महिन्याच्या अहवालाचा कागद यांनी बराच वेळ पुढ्यात ठेवला. शेवटी लिहिलं, पाऊस फार झाला. सही केली. रेघ ओढा म्हणून मी सांगितलं नाही.

मला वाटलं, आता बामीचं तोंड दिसणार नाही. पण पुढच्या चैत्रात सकाळी दारात मोळी आपटल्याचा आवाज आला. एकामागून एक अशा चाळीस मोळ्या तिनं त्या महिन्यात टाकल्या. मोल घेतलं, मोजून घेतलं. पाणी दिलं तर उभ्यानं प्यायली. पायरीवर बसली नाही. रविवारी आत गाणं चालू असताना रस्त्यानं गेली तर पाय सावकाश पडायचे, पण थांबायचे नाहीत. जाताना एवढंच विचारायची,

"मीठ भरलास?"

"भरलं, बामी."

"कशात?"

मी बरणी दाखवायची. ती झाकण उघडून बघायची, बोटानं चाखायची, झाकण लावायची आणि निघून जायची. किती वर्षं, सांगता येत नाही. माझी तीन मुलं त्या वर्षांत झाली. लोक विचारतात, आजी, पनवेल तुम्हाला आपलं कधी वाटायला लागलं. मी काहीतरी गोड सांगते. खरं म्हणजे दर चैत्रात एक बाई माझ्या घरात येऊन मीठ तपासून जायची. ज्याच्यावर आपला विश्वास उरला नाही त्याच्याही मिठाची चौकशी करायची, एवढं आपलेपण मला त्या गावानं दिलं. त्याच्यापेक्षा जास्त मी मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं.

एका चैत्रात ती आली नाही. मी विचुंब्याला जाऊन आले. उरणकडे बहिणीच्या घरी गेली, एवढंच कळलं. त्याच सुमाराला शेगुलाबाईंचं घरही रिकामं झालं; सगळं कुटुंब बोटीनं आपल्या देशाला गेलं, जो त्यांच्यातल्या कुणीही पाहिलेला नव्हता. जाताना त्यांनी मला विचारलं होतं, "पाळकीणबाई, तिकडे पाऊस कसा असतो हो? काय न्यावं?" मला माहीत नव्हतं. पण त्यांनी मला विचारलं. दिलेली बरणी मी परत करू लागले, तर म्हणाल्या, राहू द्या, तुमचं काही खरं नाही. बरणीचा कान मागे माझ्या सुनेच्या हातून गेला. तिला मी काही बोलले नाही, हे तिच्या अजून लक्षात आहे.

आता विचुंब्याला इमारती आहेत, लिफ्ट आहेत. माझा एक पुतण्या तिथेच राहतो. त्याच्या गच्चीत गेले की मी कठड्याशी उभी राहते आणि ती वाट शोधते. वाट नाही. चिमण्याही फारशा नाहीत. कावळे आहेत. वैशाखात तारा, काटक्या, खराटे, जे मिळेल ते चोचीत घेऊन वर वर जातात, पावसाच्या आधी.

रूथ गेली. सकाळी गाडी आली, सामान चढलं, प्रार्थना झाली. गाडी वळल्यावर मी आत आले तर बरणी तिथंच होती, भिंतीशी, फडकं बांधलेली. मागून तिचा निरोप आला की वजन फार होतं, आजी, रागावू नकोस. मी रागावले नाही. तिच्या वयाची मी असते तर नेली असती का? मी तर हसलेही असते.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. घर छान आहे, माणसं चांगली आहेत, दुकान कोपऱ्यावरच आहे, मीठसुद्धा मिळतं हो आजी, असं चिडवून झालं. मग आवाज बदलला. तो आवाज मी ओळखला.

"आणि ऐक ना. मी बायकांचा वर्ग सुरू केलाय. दुपारचा. अजून एकच बाई येते, पण रोज येते. शेतातून धावत येते, आजी."

मी पलंगाच्या काठावर बसले. पाय पलंगाखाली पुन्हा सारलेल्या बरणीला लागले.

"सध्या तिच्या शेतात काय चाललंय?" मी विचारलं.

"शेतात?" रूथ म्हणाली. "ते नाही गं विचारलं."

"विचार," मी म्हटलं. "फोन ठेव आणि आधी ते विचारून ये."